बिबट्याच्या पावलांचा आवाज

(दृश्य : आरेतली पायवाट. कॅमेरा ट्रॅपचं कृष्णधवल चित्रण, आवाजाविना.)

मुंबईच्या आरे कॉलनीतल्या एका पाड्यामागची ही पायवाट. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोर अंगात ऊब असलेलं काहीतरी हललं आणि तो आपोआप सुरू झाला. बिबट्या डावीकडून आला, त्यानं जमीन हुंगली आणि उजवीकडे निघून गेला. घडलं ते एवढंच. डोळे पेटल्यासारखे दिसतात ते कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड प्रकाशामुळे. त्यात राग नाही, भूक नाही.

(दृश्य : फोली स्टुडिओ, हातांचा क्लोज-अप.)

आता हीच क्लिप गोरेगावच्या या स्टुडिओत. परातीत सुका पाला आहे, हातात चामड्याचे मोजे. पडद्यावर पंजा टेकतो, त्याच क्षणी तळहात पाल्यावर दाबला जातो आणि मागोमाग बोटं. कलाकाराची नजर पडद्यावर खिळलेली, हाताकडे तो बघतही नाही. याला फोली म्हणतात. लांब लेन्सनं टिपलेल्या प्राण्याची पावलं माइकपर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे वन्यजीवपटांतले बरेचसे बारीक आवाज असेच नंतर भरले जातात.

इथपर्यंत तक्रार नाही. पण खरा बिबट्या जवळजवळ आवाज न करता चालतो. पाला थोडा जास्त वाजवला, की आपल्या वाटेनं निघालेलं जनावर दबा धरून येतंय असं वाटायला लागतं. खाली खर्जातला एक सूर लावला की बघणारा सावरून बसतो.

(दृश्य : एडिटिंगची टाइमलाइन. अंगणात खेळणारी मुलं.)

मग एक कट. अंगणात मुलं खेळताहेत. हा शॉट वेगळ्या दिवशीचा, तोही भर दुपारचा, रंग गडद करून रात्रीचा केलेला. पुढचा कट पुन्हा त्या डोळ्यांवर. बिबट्या आणि ती मुलं एका वेळी एका जागी कधीच नव्हती. बघणाऱ्याच्या मनात मात्र शिकार सुरू झाली.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी ही करामत शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती. चेहरा तोच. पुढे सुपाची वाटी दाखवली की तो भुकेला वाटतो, शवपेटी दाखवली की दुःखी. माणसाच्या चेहऱ्याचं हे होतं, तर बिबट्यानं कुणाकडे दाद मागायची?

याहून वाईटही झालंय. 1958 च्या डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये लेमिंग नावाचे छोटे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या घेताना दिसतात. प्रत्यक्षात ते बाहेरून आणून कॅनडातल्या अल्बर्टात कड्यावरून ढकलले होते. चित्रपटाला ऑस्कर मिळालं. बिंग फुटलं ते 1982 मध्ये, कॅनडाच्या टीव्हीवर.

(दृश्य : उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातली मुंबई. मागे इमारती.)

मुंबईचे बिबटे 2016 मध्ये ‘प्लॅनेट अर्थ टू’मधून जगभर पोचले, रात्री डुकरांच्या मागे जाताना. या आमच्या शॉटमध्ये मागची इमारत बघा, खिडक्यासुद्धा मोजता येतात. लांब लेन्स मधलं अंतर गिळून टाकते. इमारत आणि बिबट्या यांच्यामध्ये नाला आहे, भिंत आहे, मोकळं माळरान आहे. चित्रात यातलं काहीच उरत नाही.

(दृश्य : वाघोबाचं ठाणं, शेंदूर, नारळ.)

हा वाघोबा, वाघ-बिबट्यांचा देव. वारली माणसं त्याला पुजतात, वाघबारशीला त्याचा मान असतो. या पाड्यांनी बिबट्यासोबत पिढ्या काढल्यात, आणि नेमका हाच भाग ‘संथ वाटतो’ म्हणून कापला जातो. आम्ही तो पूर्ण ठेवला आहे.

हल्ले होतात. सप्टेंबर 2021 मध्ये आरेत घराबाहेर बसलेल्या एका वयस्कर बाईंनी काठीनं बिबट्याला परतवलं; सीसीटीव्हीनं ते टिपलं. भीती पसरली की पिंजऱ्याची मागणी होते, आणि पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर त्या परिसरात हल्ले वाढल्याचं जुन्नरच्या अभ्यासात दिसलं आहे.

(दृश्य : टाइमलाइनवरून संगीताचा ट्रॅक काढला जातो.)

या फिल्ममध्ये बिबट्याच्या एकाही शॉटखाली संगीत नाही. पावलांचा आवाज जिथे स्टुडिओत केला आहे, तिथे पडद्यावर तसं लिहिलेलं दिसेल. दोन वेगळ्या रात्रींचे शॉट एकापुढे एक आले, तर दोन्हींवर आपापली तारीख आहे.