कंट्रोल पॅनलमधली एक टिक

मंडळी, विंडोजच्या आवृत्त्यांचा इतिहास म्हटला की जो तो स्टार्ट बटणाची गोष्ट सांगतो. १९९५ साली ते आलं, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये काढलं, लोकांनी बोंब ठोकल्यावर पुढच्या वर्षी बटण आणि २०१५ ला विंडोज १० मध्ये अख्खा मेनू परत आणला. अकरामध्ये ते मधोमध जाऊन बसलं. बरं, पण आपलं त्यावाचून काय अडलं होतं? आपलं अडत होतं 'आजऱ्याचा घनसाळ' एवढं, म्हणजे एका तांदळाचं नाव, लिहिताना.

विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी कळतच नव्हती. आपण जे मराठी टाइप करायचो ते यंत्राच्या लेखी इंग्रजीच. ए, बी, सीच्या जागी फॉन्टने मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची, आणि ती कुठे बसवायची हे ज्याचं त्याने ठरवलेलं. कोल्हापुरात राजारामपुरीत डीटीपी केलेली लग्नपत्रिका फ्लॉपीवरून इचलकरंजीच्या प्रेसमध्ये नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की गणपतीपासून आहेरापर्यंत सगळा इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

वास्तविक युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, तिच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण अक्षराला क्रमांक मिळाला म्हणून ते पडद्यावर नीट उमटतं असं नाही. 'शि' घ्या. फाइलमध्ये आधी श, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल, जोडाक्षरं, रफार, सगळं ऑपरेटिंग सिस्टिमनं करायचं असतं. विंडोज २००० ते करू लागली, सोबत मंगल फॉन्टही आला. मग २००१ ला विंडोज एक्सपी आली आणि घरोघरी पोचली.

आणि इथेच गोम आहे. एक्सपीत देवनागरीची सोय होती, पण बंद ठेवलेली. कंट्रोल पॅनल, त्यात रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेसचा टॅब, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टपुढच्या चौकोनात टिक. टिक केली की यंत्र म्हणणार, एक्सपीची सीडी घाला. आता असेंबल केलेल्या पीसीबरोबर सीडी कुठली मिळायला! टिक नसली की 'शिवाजी विद्यापीठ' एकतर चौकोनांत दिसायचं, नाहीतर शची वेलांटी सरळ वला जाऊन चिकटायची. सोय आली कधी, असं कुणी विचारलं तर मी २००० किंवा २००१ म्हणत नाही. मी २००७ म्हणतो. त्या वर्षी एक्सपीनंतरची आवृत्ती, विंडोज व्हिस्टा, बाजारात आली. जड, संथ, दर दोन मिनिटांना परवानगी मागणारी. तिला नावं ठेवण्यात आपण कुणीच मागे नव्हतो. पण देवनागरी तिच्यात पहिल्या दिवसापासून चालू होती. ना टिक, ना सीडी. मराठीपुरतं बोलायचं तर एक्सपीपेक्षा व्हिस्टा मोठी, कुणी काही म्हणो.

पुढचं भराभर सांगतो. विंडोज ७ मध्ये कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट आले, ८ मध्ये निर्मला. २०१९ च्या मे अपडेटमध्ये विंडोज १० ला मराठीचा फोनेटिक कीबोर्ड मिळाला. रोमनमध्ये 'kolhapur' बडवा, देवनागरी उमटते.

तरी छापखान्यात जुने फॉन्ट टिकले, कारण पानं जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी शेवटपर्यंत जमली नाही आणि त्यातल्या जुन्या फाइलींचे ढीग कोण बदलत बसणार? इथे सिस्टिमला दोष देऊन उपयोग नाही.

शेवटचं, कारण प्रश्न हाच येणार आहे. 'शेतकऱ्यांना'च्या जागी 'शेतकर्यांना सूचना' असे बोर्ड आजही दिसतात, ते का? त्यात संगणकाचा दोष नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीमध्ये साधा र जे वर आहे आणि ऱ शिफ्ट-जे वर. तेव्हा 'ऱ्या' साठी शिफ्ट-जे, मग इंग्रजी डी, मग तिरकी रेघ, मग इंग्रजी ई. तेवढं लिहून घ्या, मग बाकीचे प्रश्न घेऊ.