गठ्ठा कुणी उचलला?

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘शिकागो डिफेंडर : एका साप्ताहिकाची शंभर वर्षं’. मला वेळ दिलाय पन्नास मिनिटं. वर्षाला अर्धं मिनिट. हा हिशोब जमणार नाही हे आधीच कबूल करतो, कारण माझी हयात एका साप्ताहिकाच्या वितरण खात्यात गेली. संपादक वरच्या मजल्यावर, आम्ही तळमजल्यावर, सुतळी आणि गठ्ठ्यांत. त्यामुळे कुठल्याही पेपरचा इतिहास हातात आला की अग्रलेख राहू देत, मी आधी बघतो की अंक वाचकापर्यंत नेला कुणी.

एकदा भर पावसात आमचे नांदेडकडचे गठ्ठे मनमाडला फलाटावर रात्रभर पडून होते. एजंटाचं कार्ड आलं, ‘अंक मिळाले, वाळत घातले आहेत.’ (हशा) पुढच्या आठवड्यात तिथल्या एका हमालाने आपणहून स्वतःचं मेणकापड गठ्ठ्यांवर टाकलं. मी ते वरच्या मजल्यावर जाऊन सांगितलं. ‘बरं’ म्हणाले. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघाली तेव्हा पानोपानी संपादकांचे फोटो. शाल घेताना, पुष्पगुच्छ देताना, एक तर नुसताच विचार करताना. हमाल सोडाच, आमच्या पार्सल क्लार्कचंही नाव नाही. साप्ताहिकाचं नाव सांगत नाही, पण तो सल अजून गेलेला नाही, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या डिफेंडरकडे मी वळलो तो त्यामुळेच.

डिफेंडर काढणारे रॉबर्ट ॲबट. जन्म 1870, जॉर्जिया. हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये छपाई शिकले, मग शिकागोत कायद्याची पदवी घेतली. वकिलीत जम बसेना. ‘तुमचा रंग जरा जास्तच काळा आहे, कोर्टात निभाव लागणार नाही,’ असं त्यांना ऐकवलं गेलं, आणि ऐकवणारा गोरा नव्हता, उजळ वर्णाचा कृष्णवर्णीय वकीलच होता. हसू नका. ‘वधू गोरी हवी’च्या जाहिराती आमच्या वितरण खात्यानेही गावोगाव पोचवल्यात.

5 मे 1905 ला पहिला अंक निघाला. भांडवल 25 सेंट, म्हणजे डॉलरचे चार आणे. कचेरी म्हणजे घरमालकीण हेन्रिएटा ली यांच्या घरातलं जेवणाचं टेबल. प्रती 300. लिहायचं ॲबटनी आणि दारोदार जाऊन विकायचंही त्यांनीच. पुढे पैसा आला तेव्हा त्यांनी या बाईंना घर घेऊन दिलं. माझ्या लेखी हा माणूस तिथेच पास झाला.

आता माझ्या आवडीचा भाग. पुलमन कंपनीचे झोपण्याचे डबे अमेरिकाभर धावायचे. त्यांत बिछाने घालायला, बूट पुसायला कृष्णवर्णीय पोर्टर. पगार तुटपुंजा, भिस्त बक्षिशीवर. कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन, म्हणून प्रत्येक पोर्टरला उतारू ‘जॉर्ज’ अशीच हाक मारायचे. गुलामाला मालकाचं नाव चिकटायचं, त्यातलाच प्रकार. हे पोर्टर डिफेंडरचे गठ्ठे अमेरिकेच्या दक्षिणेत न्यायचे. तिथे कित्येक गावांत हा अंक विकणं धोक्याचं, म्हणून तो लपवून न्यायचा. मग न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एक जण मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार. 1920 च्या आसपास खप दोन लाखांच्या वर गेला, त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त शिकागोबाहेर! आणि परतीच्या खेपेला हेच पोर्टर उतारूंनी डब्यात टाकलेले गावोगावचे पेपर गोळा करून कचेरीत आणून द्यायचे. त्यातून बातम्या निघायच्या. म्हणजे वितरणही तेच आणि बातमीदारीही तेच. ही गोष्ट मी आमच्या साहेबांना सांगितली असती तर त्यांनी मला रद्दी गोळा करायला लावलं असतं!

बाबासाहेबांबद्दल बोलेन अशी काहींची अपेक्षा आहे, चेहऱ्यांवर दिसतंय. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघालं, डिफेंडर ऐन भरात असताना. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्रही लिहिलं. पण तो विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, पुन्हा बोलवा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, शंभर वर्षं.

दक्षिणेतल्या झुंडबळींच्या बातम्या छापता छापता डिफेंडरने ‘उत्तरेला चला’ अशी हाक दिली. 15 मे 1917 ही तारीखच जाहीर केली. त्या दिवशी स्वस्त तिकिटांची गाडी आहे का, असं विचारणारी पत्रं आली. शिकागोतली कृष्णवर्णीय वस्ती 1910 ला 44 हजार होती, 1920 ला एक लाख नऊ हजार झाली. 1919 च्या उन्हाळ्यात तिथे गोऱ्या-काळ्यांची दंगल होऊन 38 माणसं मेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, कृष्णवर्णीय पेपरांवर राजद्रोहाचे खटले भरायची भाषा सुरू झाली, तेव्हा ॲबट यांचे पुतणे जॉन सेंगस्टॅक अमेरिकी सरकारचे ॲटर्नी जनरल बिडल यांना जाऊन भेटले आणि खटले टळले. 1956 ला पेपर दैनिक झाला, 2008 ला पुन्हा साप्ताहिक, आणि 10 जुलै 2019 ला छापील अंक थांबला.

एक राहिलं, आणि खरं तर त्याच्यासाठीच मी आलो होतो. 1925 ला कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी पोर्टरांची युनियन उभी केली. डिफेंडर आधी कुणाच्या बाजूने होता? पुलमन कंपनीच्या. ज्यांनी इतकी वर्षं गठ्ठे वाहिले त्यांच्या विरोधात! 1927 मध्ये ॲबटनी भूमिका बदलली. युनियनचा कंपनीशी करार व्हायला मात्र 1937 उजाडलं. 1925 ते 1927 या मधल्या दोन वर्षांतही गठ्ठे गाडीत चढवणारे पोर्टर होतेच ना? काय वाटलं असेल त्यांना तो अंक उचलताना?

दुसरी चिठ्ठी आली. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. थांबतो.