मिलरचं मक्याचं शेत

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला लांबच्या एका देशात नेणार आहे, पण सुरुवात शेतापासून करतो कारण हे ऐकणारे तुमच्यातले बरेच जण शेतीवाले आहेत आणि मीही वऱ्हाडातलाच, कापसाच्या घरातला. तर शेत आहे मक्याचं. अमेरिकेत मेरीलँड म्हणून राज्य आहे, तिथं शार्प्सबर्ग नावाचं बारकं गाव, आणि गावाबाहेर मिलर नावाच्या शेतकऱ्याचं पंचवीस-तीस एकराचं रान. सप्टेंबर महिना, म्हणजे मका माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला, कणसं भरलेली, काढणीला आलेलं उभं पीक. तारीख १७ सप्टेंबर १८६२. सकाळी उजाडताना त्या मक्यात अमेरिकेतल्याच उत्तरेचं आणि दक्षिणेचं अशी दोन सैन्यं शिरली आणि दहा वाजेपर्यंत त्या शेतात एक ताट उभं राहिलं नव्हतं. उत्तरेचा जनरल हूकर तिथं होता, त्यानं नंतर रिपोर्टमध्ये लिहिलं की सुरीनं कापावीत तशी ताटं बुडापासून कापली गेली होती, आणि माणसं ज्या रांगेत उभी होती त्याच रांगेत आडवी पडलेली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं, आणि पुढचं पान दुसऱ्या दिवशी वाचलं.

संध्याकाळपर्यंत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन्हीकडचे २३ हजारांच्या आसपास लोक झाले. एका दिवसात. अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्ताळलेला दुसरा दिवस नाही, आजपर्यंत नाही.

उत्तर आणि दक्षिण अमेरिकी राज्यांच्या या युद्धाला आपण यादवी युद्ध म्हणतो. यादव आपसात लढून संपले त्यावरून आलेला शब्द, आणि तो इथं अगदी चपखल बसतो. अध्यक्ष लिंकनच्या बायकोचे सावत्र भाऊ समोरच्या बाजूने लढत होते, त्यातला एक शायलोच्या लढाईत मारला गेला, आता त्या घरात काय वातावरण असेल विचार करा.

भांडण कशाचं होतं? काही लोक अजूनही सांगतात की राज्यांच्या हक्कांचं होतं, केंद्राच्या दादागिरीचं होतं. मला ते पटत नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी फुटून निघताना आपली कारणं स्वतः लिहून ठेवली आहेत, मिसिसिपी राज्याने तर सुरुवातीलाच सांगून टाकलंय की आमची भूमिका गुलामगिरीशी जोडलेली आहे. त्यावेळी तिकडे जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती. विकत घेतलेली, विकलेली, आईपासून तोडलेली. आणि त्यातले बहुतेक जण राबत होते शेतात, मुख्य करून कापसाच्या. हे लक्षात ठेवा, कापूस पुन्हा येणार आहे.

१८६० च्या शेवटी लिंकन निवडून आला, तो गुलामगिरी पश्चिमेकडच्या नव्या मुलखात पसरू देणार नाही एवढं म्हणत होता, तेवढ्यावरच दक्षिणेतली राज्यं एकेक करून फुटायला लागली, शेवटी ११ झाली. त्यांनी आपला वेगळा अध्यक्ष केला जेफरसन डेव्हिस, राजधानी केली रिचमंड. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्सटनच्या बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या. गंमत नाही, खरं सांगतो, त्या भडिमारात एकही माणूस मेला नाही. सगळ्यांना वाटलं दोन-तीन महिन्यांत आटोपेल. लिंकनने ७५ हजार स्वयंसेवक मागितले, तेही फक्त तीन महिन्यांसाठी.

पहिली मोठी लढाई जुलैमध्ये बुल रन ओढ्याकाठी झाली. वॉशिंग्टनमधून माणसं घोडागाड्या जुंपून, खायचे डबे घेऊन लढाई बघायला गेली होती, जत्रेला जावं तशी. दुपारनंतर उत्तरेचं सैन्य उधळलं आणि ही बघे मंडळी आणि पळणारे शिपाई एकाच रस्त्यावर गर्दी करून राजधानीकडे धावत सुटले. या लढाईचं महत्त्व काय तर लोकांचे डोळे उघडले, एवढंच, पण ते थोडं नाही. (एक सांगून ठेवतो, उत्तरेचे लोक लढाईला नदी-ओढ्याचं नाव द्यायचे आणि दक्षिणेचे जवळच्या गावाचं, त्यामुळे बुल रन आणि मनॅसस एकच, अँटिएटम आणि शार्प्सबर्गही एकच. वाचताना घोळ होतो.) तिथं जवळच विल्मर मॅक्लीन नावाच्या गृहस्थाची शेती आणि घर होतं, त्यात दक्षिणेच्या जनरलचा मुक्काम होता आणि तोफेचा गोळा घरात येऊन पडला. पुढे मॅक्लीन कंटाळून ते घर सोडून खूप लांब, कुठे लढाई येणार नाही अशा खेड्यात राहायला गेला. त्याच्याकडे परत येऊ.

आता पुन्हा त्या मक्याच्या शेताकडे. अँटिएटमला जिंकलं कोण? खरं बघायला गेलं तर कोणी नाही. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली उत्तरेच्या मुलखात घुसला होता, तो एक दिवस थांबून नदी ओलांडून परत गेला. उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन, त्याच्या हातात लीचा गुप्त हुकूम आधीच पडला होता, तीन सिगारींभोवती गुंडाळलेला कागद एका शिपायाला रानात सापडला होता, एवढं नशीब हातात असूनही मॅक्लेलनने लीला जाऊ दिलं. म्हणजे लढाई म्हणून बरोबरीची. पण लिंकन कधीपासून एक जाहीरनामा ड्रॉवरमध्ये ठेवून बसला होता, मंत्र्यांनी त्याला सांगितलेलं की हरत असताना काढलात तर रडत काढल्यासारखं दिसेल, एक विजय येऊ द्या. ली परत गेला, लिंकनने त्यालाच विजय मानलं, आणि पाचच दिवसांनी, २२ सप्टेंबरला जाहीर केलं की १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर राज्यांतले सगळे गुलाम स्वतंत्र. तोवर युद्ध देश एक ठेवण्यासाठी होतं, आता ते माणसं मोकळी करण्यासाठी झालं. इंग्लंड आणि फ्रान्स दक्षिणेला मान्यता द्यायच्या विचारात होते, त्यांनाही आता गुलामगिरीच्या बाजूने उघड उभं राहणं अवघड झालं. म्हणून मी म्हणतो की कुणी रान राखलं आणि कुणी सोडलं एवढ्यावर लढाई मोजू नका, त्यानंतर काय बोलता आलं, काय करता आलं ते बघा.

आता कापूस. युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि तो थांबला. मग गिरण्यांनी तोंड वळवलं आपल्याकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, सगळीकडचा कापूस मुंबईला आणि तिथून लिव्हरपूलला. भाव असे चढले की मुंबईत लोकांनी गाद्या उसवून त्यातला कापूस विकला असं सांगतात. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर निघाले, बँका निघाल्या, प्रेमचंद रायचंद शेअर बाजाराचे राजे झाले. मुंबईचा राजाबाई टॉवर ज्या देणगीतून उभा राहिला ती त्यांनी १८६४ मध्ये याच तेजीत दिलेली. तिकडे दक्षिण जोरात असली की इकडे भाव टिकणार, दक्षिण हरली की पडणार, अशा हिशोबाने आपल्याकडचे व्यापारी त्या लढायांच्या बातम्या वाचत होते. कुणाच्या तरी मरणावर आपल्या गावचा भाव ठरत होता, आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याला ते माहीतही नसणार.

१८६३ चा जुलै. आपल्याकडे पानिपत म्हटलं की जसं पुढचं काही सांगावं लागत नाही तसं तिकडे गेटिसबर्ग. १ ते ३ जुलै, तीन दिवस, पेनसिल्व्हेनियात. पुन्हा शेतंच, कुणाचं गव्हाचं शेत, कुणाची पीचची बाग, आजही त्या जागांची नावं तीच आहेत. तिसऱ्या दिवशी लीने सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या रानातून जवळजवळ पाऊण मैल चालत समोरच्या टेकडीवर पाठवली. समोर तोफा. निम्म्याच्या वर परत आले नाहीत किंवा जखमी होऊन आले. तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून ५० हजारांच्या वर गेले, मेलेले, जखमी, पकडलेले सगळे धरून. त्यानंतर लीने पुन्हा कधी उत्तरेवर तशी मोठी चढाई केली नाही.

पण मला स्वतःला विचाराल तर व्हिक्सबर्ग त्याहून मोठी, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच कड्यावरचं हे शहर, वरून तोफा, खालून एक बोट जाऊ शकत नाही. उत्तरेच्या जनरल ग्रँटने महिनोन्महिने प्रयत्न केले, कालवे खणून बघितले, जमलं नाही, शेवटी सैन्य नदीच्या पलीकडून खाली नेलं, रात्री बोटी तोफांसमोरून पळवत आणल्या, नदी ओलांडली आणि शहराला मागून वेढा घातला. ४७ दिवस. शहरातली माणसं पिवळ्या मातीच्या टेकड्यांत गुहा खणून त्यात राहिली, लेकरंबाळं, भांडीकुंडी, अंथरूण सगळं घेऊन. धान्य संपलं तेव्हा खेचरं खाल्ली. कागद संपला म्हणून तिथलं वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या रंगीत कागदाच्या मागच्या बाजूला छापून काढलं! ४ जुलैला शहर शरण आलं, २९ हजारांवर सैनिकांसकट, आणि त्याच दिवशी तिकडे ली गेटिसबर्गहून माघारी निघाला होता. थोड्याच दिवसांत सगळी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले, टेक्सास एकीकडे, राजधानी दुसरीकडे. जिथून गुरं आणि रसद यायची तो रस्ताच बंद.

त्याच महिन्यात आणखी एक लढाई झाली, छोटी, आणि उत्तर ती हरली. वॅग्नर किल्ला, १८ जुलै. हल्ल्यात सगळ्यात पुढे होती ५४ वी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट, म्हणजे काळ्या सैनिकांची पलटण. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला आणि मोठा वक्ता झालेला, त्याची दोन मुलं या पलटणीत होती. लोक म्हणायचे हे लढणार नाहीत, पळतील. समुद्र आणि दलदल यांच्या मधल्या अरुंद वाळूवरून अंधार पडता पडता सहाशेच्या आसपास माणसं धावत गेली आणि भिंतीवर चढली, जवळजवळ निम्मी मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. झेंडा धरणारा पडला तेव्हा विल्यम कार्नी या सार्जंटने तो उचलला, गोळ्या लागल्या तरी खाली टेकू दिला नाही. त्याबद्दल देशाचं सर्वोच्च लष्करी पदक त्याला मिळालं १९०० साली. सदतीस वर्षांनी. त्यांचा गोरा कर्नल शॉ, २५ वर्षांचा पोरगा, त्याला शत्रूने अपमान म्हणून त्याच्या काळ्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. त्याच्या वडिलांनी कळवलं की त्याला तिथून हलवू नका, तो त्याच्या माणसांतच राहू दे.

आणि पगार बघा. गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर, यांना १० आणि त्यातले ३ कपड्यांसाठी कापून. ५४ व्या पलटणीने सांगितलं, नको तुमचा पगार. सारखा द्या नाहीतर देऊच नका. वर्षाहून जास्त काळ बिनपगारी लढले, घरी बायकापोरं उपाशी असताना लढले, तेव्हा कुठे १८६४ च्या जूनमध्ये सरकार वठणीवर आलं. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक भरती झाले. हे लोक नसते तर उत्तर जिंकली असती का, मला शंका आहे.

हे सगळं इकडे पुण्यात कुणीतरी नीट वाचत होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. व्यापारी त्या युद्धात भाव वाचत होते, जोतीराव दुसरं काहीतरी वाचत होते.

१८६४ साल नुसतं रक्ताचं. ग्रँट आता लीच्या समोर आला आणि त्याला सोडायलाच तयार नव्हता. कोल्ड हार्बरला हल्ल्याच्या आदल्या रात्री शिपाई आपलं नाव-गाव कागदावर लिहून कोटाला मागून टाचत होते, मेल्यावर ओळख पटावी म्हणून. उत्तरेत लोक वैतागलेले, निवडणूक तोंडावर, समोर उमेदवार कोण तर तोच मॅक्लेलन, आणि त्याचा पक्ष म्हणत होता युद्ध थांबवा. ऑगस्टमध्ये लिंकनने स्वतः कागदावर लिहून ठेवलं होतं की आपण बहुतेक पडणार. २ सप्टेंबरला उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेतलं अटलांटा शहर घेतलं आणि वारं फिरलं. लिंकन पडला असता तर त्या ४० लाख माणसांचं काय झालं असतं? त्यामुळे अटलांटाही माझ्या यादीत फार वर आहे.

९ एप्रिल १८६५, व्हर्जिनियातलं अपोमॅटॉक्स कोर्ट हाउस नावाचं खेडं. ली शरण यायला तयार झाला, बसायला बरी जागा शोधा म्हटल्यावर जे घर मिळालं ते मॅक्लीनचं, तोच, बुल रनहून लढाईला कंटाळून इथं आलेला. त्याच्या बैठकीच्या खोलीत सह्या झाल्या. बातमी मुंबईत पोचली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला, म्हणजे वायद्यांचे पैसे चुकते करायच्या दिवशी, भल्याभल्यांचं दिवाळं निघालं.

लीने त्या खोलीत एक विनंती केली होती. आमचे घोडे शिपायांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. ग्रँट म्हणाला, बहुतेक लोक लहान शेतकरी असतील, घोड्या-खेचरांशिवाय पुढच्या हिवाळ्यापुरतं पीक घेता येणार नाही, घेऊन जाऊ दे त्यांना. एप्रिल महिना, पेरणीचे दिवस. आणि ली म्हणाला की याचा माझ्या लोकांवर फार चांगला परिणाम होईल.

म्हणजे हरलेले घोडे घेऊन आपापल्या शेतावर गेले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या त्या मोठ्या मोठ्या शेतांत फुकट राबून कापूस वेचला होता त्यांनाही त्याच वर्षीच्या जानेवारीत शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन ४०-४० एकराचे तुकडे करून द्यायचा हुकूम काढला होता, हजारो कुटुंबं तिथं जाऊन राहिली, पेरणी केली. लिंकनला एप्रिलमध्येच गोळी घालून मारलं. त्याच्या जागी आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने वर्ष संपायच्या आत त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली, काही ठिकाणी पीक अजून रानात उभं होतं.