हॉल, किचन की बेडरूम? घरात गाणं कुठे रेकॉर्ड करायचं

(दृश्य: दुपार. इमारतीच्या खिडक्या, ग्रिलवर कबुतरं, खाली रिक्षांची रांग.)

वन बीएचके. मुंबई-ठाण्याकडे जिकडे बघाल तिकडे हीच घरं. प्लास्टरच्या भिंती, गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब. आणि अशाच घरांमधून आता अभंग, भावगीतं, बंदिशी रेकॉर्ड होतात. माइक कुठला घ्यायचा याची चौकशी महिनाभर चालते. खोली मात्र जी रिकामी असेल ती. गंमत अशी, की ऐकणाऱ्याला माइकची कंपनी सहसा कळत नाही, खोली पहिल्या ओळीतच कळते.

(दृश्य: हॉल. कुणीतरी मधोमध उभं राहून टाळी वाजवतं.)

ऐकलंत? टाळीमागून एक बारीक टर्रर्र आली. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज भराभर ये-जा करतोय. हॉल मोठा म्हणून पहिली पसंती त्याला मिळते. पण मुख्य दार इथे, बेल इथे, दाराबाहेर लिफ्ट, आणि रस्त्याकडची सरकती खिडकीही इथेच. तिच्या फटीतून आलेला हॉर्न थेट आलापात जाऊन बसतो.

किचन लगेच बाद. फ्रिजची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि तार सप्तकात गेलं की मांडणीवरचं एखादं पातेलं झणझणतं.

बाथरूममध्ये सगळ्यांचाच आवाज छान लागतो. टाइल्सवरून परतणारा नाद सुरांच्या कडा बुजवतो, म्हणून गाणाऱ्याला बरं वाटतं. पण रेकॉर्डिंगला एकदा चिकटलेला घुमारा नंतर नीट सुटत नाही. कोरडा आवाज घेतला, तर घुमारा कॉम्प्युटरवर हवा तेवढा चढवता येतो.

(दृश्य: बेडरूम. गादी, गोधड्या, उघडं कपाट.)

उरली बेडरूम. इथे तीच टाळी जागच्या जागी विरते. काम गादीचं, पांघरुणांचं, कपाटात दाटीने लावलेल्या साड्यांचं.

गाद्यांचा हा गुण मोजला अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने. 1895 साली तिथल्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह सुधारायचं काम त्याच्याकडे आलं. त्या सभागृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. पहिला विरेपर्यंत वक्ता पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा. सबाइन जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणून टाकायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते कानाने टिपायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. काम रात्रीचं, कारण दिवसा गोंगाटात मोजमाप जमायचं नाही. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं आकारमान वाढलं की घुमारा वाढतो, आवाज पिणारं सामान वाढलं की तो घटतो.

पण गादी घुमारा पिते, हॉर्न अडवत नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात: जाड भिंत, घट्ट दार, दुहेरी काच. भाड्याच्या घरात हे कोण करून देणार? म्हणून आमच्या मते आधी शांत खोली शोधावी, घुमाऱ्याचं मागाहून बघावं. ज्या वेळेला गाणार, त्याच वेळेला प्रत्येक खोलीत मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. पंखा बंद, एसी बंद. मग हेडफोन लावून ऐका. कबुतरं, सोसायटीचा पंप, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, सगळं हजेरी लावतं.

(आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायची हौस असेल, तर ती आवरा. पातळ पुठ्ठा बाहेरचा आवाज अडवत नाही, आणि घुमाऱ्यातला फार तर वरचा थोडा भाग घेतो.)

(दृश्य: फरशीवर मोजपट्टी. दहा फूट. दुसरी बाजू, पुन्हा दहा फूट.)

एका खोलीपासून मात्र लांब राहा: चौरस खोलीपासून. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण 57 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 57 कंपनांची, लाट नेमकी मावते, आणि तिच्या दुपटीची, 114 हर्ट्झचीही. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही बाजू त्याच लाटांना साथ देतात. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र धैवत (खालच्या सप्तकातला ध) 114च्या आसपासच येतो. बाकीचे सूर नीट लागतात आणि हा एकच फुगतो. गायक आपल्या गळ्याला दोष देत बसतो! त्यात खोलीच्या ऐन मध्यावर बसलात, तर ती 114ची लाट तिथेच सर्वांत जोरात असते. तबल्याचा डग्गाही अशा खोलीत उगाच गुबगुबीत होतो. इथे गोधडी कामाची नाही. 114 हर्ट्झची लाट तीन मीटर लांब, बोटभर जाडीच्या कापडाला ती दाद देत नाही. उलट भिंतभर गोधड्या टांगल्या तर वरचे सूर मरतात आणि खालचा घुमारा तसाच राहतो. म्हणून लांबट खोली बरी, आणि मध्यापासून थोडं बाजूला बसणं बरं.

(दृश्य: माइक स्टँडवर. गायिका खिडकीकडे तोंड करून बसते.)

गाण्यासाठी घेतात तो कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं बरंचसं टाळतो. म्हणून खिडकी माइकच्या पाठीशी हवी, म्हणजे गाणाऱ्याच्या समोर. माइक बघतो गाणाऱ्याकडे आणि त्याच्या पलीकडच्या भिंतीकडे, तेव्हा जाड गोधडी टांगायची ती गाणाऱ्याच्या पाठीमागे. किंवा सरळ कपाटाचं दार उघडं ठेवा. तोंडापासून माइक वीतभर.

सतार किंवा सरोद असेल, तर एवढा कोरडेपणा नको; तिथे गादी थोडी दूर सरकवा आणि माइक मागे घ्या. तंबोऱ्याचंही तसंच.

जागा पटली की स्टँडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावून खुणा करा. मुखडा आज झाला आणि अंतरा पुढच्या रविवारी, तरी दोन्हींचा आवाज एकाच खोलीतला, एकाच जागेवरचा वाटला पाहिजे.