गुडघाभर पाण्यातली मोजणी

[नदीचं पात्र. काठावर उभे पाहुणे.]

चर्चासत्राचं पहिलं सत्र सभागृहात नाही, नदीत आहे. ज्या जलवैज्ञानिकांच्या गौरवासाठी ही मंडळी जमली आहेत, त्यांची सारी कारकीर्द एका आकड्यामागे गेली. या जागेवरून सेकंदाला किती पाणी वाहतं?

या काठापासून त्या काठापर्यंत टेप ताणून बांधलाय. त्यावर वीस-बावीस ठिकाणी खोली आणि वेग मोजायचा. धार जोरात असेल तिथे जवळजवळ, कडेच्या संथ पाण्यात लांब लांब. दोन ठिकाणांमधल्या एका पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या, म्हणजे सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या, १० टक्क्यांहून जास्त पाणी जाता कामा नये. ५ च्या आत राहिलं तर उत्तमच.

[करंट मीटर, अगदी जवळून.]

हा करंट मीटर, दांड्यावर बसवलेलं पाण्याचा वेग मोजायचं यंत्र. उभ्या आसाभोवती शंकूच्या आकाराच्या सहा वाट्या, आणि दर फेरीला कानात एक टिक. निदान ४० सेकंद टिका मोजायच्या. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पटीवर एकच मोजणी. पाऊण मीटरहून खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर दोन, मग सरासरी.

आता मोजणारीचे पाय बघा. दांड्याच्या खालच्या अंगाला, बाजूला सरकून, हात लांब करून ती उभी आहे. वरच्या अंगाला उभी राहिली तर पायांमागचे भोवरे थेट वाट्यांवर येतील. वाटी चेपली किंवा बेअरिंगमध्ये वाळूचा कण शिरला, तरी वेग कमीच दिसतो. म्हणून मीटर आधी हवेत फिरवून बघतात. हळूहळू थांबला तर ठीक. झटकन अडला तर पेटीत परत.

[वहीचं पान.]

एवढ्या खटाटोपातून आलेखावर एक ठिपका मिळतो. काठावरच्या मोजपट्टीवर पातळी इतकी, तर विसर्ग इतका. अशा ठिपक्यांतून जाणारी रेषा म्हणजे रेटिंग कर्व्ह. रोज नोंदतात ती बहुतेक ठिकाणी नुसती पातळी; विसर्ग या रेषेवरून काढतात. इथे रेषा खोडून पुन्हा काढलेली दिसते. पुराने तळ खरवडला की त्याच पातळीला जास्त पाणी जातं, गाळ साचला की कमी.

वरच्या टोकाला ठिपकेच नाहीत. मोठ्या पुरात पाण्यात उतरणार कोण? तिथली रेषा अंदाजाने ओढलेली. पूल आणि सांडवे बेततात ते याच टोकावर.

[तराफ्यावरचं यंत्र.]

ध्वनिलहरींचा डॉप्लर मापक हेच काम काही मिनिटांत करतो. पण तो तळ स्थिर धरून चालतो. पुरात तळाची वाळू सरकत असली की विसर्ग कमी भरतो. मग जीपीएस जोडावा लागतो.

[सभागृह.]

२०१९ मध्ये जगभरच्या जलवैज्ञानिकांनी २३ न सुटलेले प्रश्न मांडले, चर्चा त्यांवरच. डिसेंबर २०२२ मध्ये अवकाशात गेलेला स्वॉट उपग्रह रुंद नद्यांची पातळी, रुंदी आणि उतार वरून टिपतो. पाण्याखालचा तळ मात्र त्याला दिसत नाही. संगणकी प्रारूपं शिकतात तेही याच वह्यांतल्या आकड्यांवर.

[संध्याकाळ. टेप गुंडाळला जातोय.]

मोजणी आटोपली की पट्टी पुन्हा वाचायची. सुरुवातीला १.४२ मीटर होती, आता १.४५. नदी चढतेय. दोन्ही आकडे वेळेसह वहीत.