काळ्या दगडातलं मॅग्नेशियम

दृश्य : साक्री ते नंदुरबार रस्ता. माळावरून सरळ गेलेली काळ्या दगडांची रांग.

निवेदन :

साक्री सोडून नंदुरबारच्या दिशेनं निघालं की माळावर लांबच लांब, अरुंद टेकड्या दिसायला लागतात. डोंगर म्हणावं तर रुंदी नाही, बांध म्हणावा तर उंची फार. बहुतेक टेकड्या पूर्व-पश्चिम धावतात. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात अशा दोनशेच्या वर भिंती मोजल्या गेल्या आहेत आणि सगळ्यांत लांब भिंत ७० किलोमीटरच्या पुढं जाते. भूशास्त्राच्या भाषेत हे डाइक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात इथली जमीन ताणली गेली, तिला तडे गेले आणि खालून चढलेला शिलारस त्या तड्यांतच थिजला. पुढं आजूबाजूचे थर झिजले, भिंत उभी राहिली.

आज या भिंतींचा मुख्य उपयोग खडी. क्रशर चालू असला की अर्धा किलोमीटरवरच्या पऱ्हाटीवरसुद्धा धूळ बसते.

दृश्य : नुकता फोडलेला दगड. भिंगातून.

ताजा फुटलेला तुकडा हातात घ्या, उन्हात फिरवा. बारीक, चमकणाऱ्या पांढरट काड्या दिसतात, तो फेल्डस्पार. त्यांच्यामध्ये दाटलेला काळपट भाग बहुतांशी पायरॉक्सिनचा. आणि नशीब असेल तर कुठंतरी एखादा काचेसारखा, पिवळसर हिरवा दाणा. साखरेच्या कणाएवढा, कधी त्याहून थोडा मोठा. हे ऑलिव्हिन. बऱ्याचदा दाणा सापडत नाही, त्याच्या जागी तांबूस तपकिरी डाग सापडतो. तो डाग कशाचा, त्याकडं नंतर येऊ.

पायरॉक्सिनमध्ये मॅग्नेशियम असतंच, पण ऑलिव्हिन म्हणजे त्याचं घरच. मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, जोडीला थोडं लोखंड. लोखंड अजिबात नसलेल्या शुद्ध ऑलिव्हिनच्या वजनात ३४ टक्के मॅग्नेशियम भरतं.

आता हिशेब बघा. पृथ्वीच्या एकूण वजनात लोखंड, ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्यानंतर चौथा नंबर मॅग्नेशियमचा. सूर्यापेक्षा कितीतरी मोठ्या ताऱ्यांच्या पोटात कार्बन आणि निऑन जळताना ते तयार झालं, तारे फुटले तेव्हा अवकाशात विखुरलं आणि पृथ्वीच्या वाट्याला भरपूर आलं. तरी आपण ज्याच्यावर उभे आहोत त्या कवचात ते जेमतेम दोन-अडीच टक्के. बाकीचं गेलं कुठं? गेलं नाही, खालीच आहे. कवचाच्या खालचा जवळपास २,९०० किलोमीटर जाडीचा थर म्हणजे मँटल. त्याच्या वरच्या भागातल्या खडकाला पेरिडोटाइट म्हणतात. या खडकात निम्म्याहून जास्त ऑलिव्हिन, आणि शंभर किलो खडकात मॅग्नेशियम ऑक्साइड चाळीस किलोच्या आसपास.

खानदेशातल्या काळ्या दगडात हेच प्रमाण साधारण पाच ते सात किलो आहे. बाप चाळीसचा, पोर सहाचं. मधल्या मध्ये मॅग्नेशियम गळालं कसं, यात या खडकांची अर्धी कुंडली आहे.

दृश्य : सातपुड्याची रांग. खाली तापीचं खोरं.

मँटल घन आहे. त्याचा तापलेला भाग वर सरकतो, वरचा दाब कमी होतो आणि मग तो वितळायला लागतो. पण सगळा वितळत नाही. शंभरातले दहा-वीस भागच पातळ होतात. शुद्ध ऑलिव्हिनला वितळायला १,८९० अंश सेल्सिअस लागतात. त्याच्या शेजारची खनिजं पुष्कळ आधी हार मानतात. त्यामुळं जो रस सुटतो त्यात सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम जास्त जातं. मॅग्नेशियमचा मोठा वाटा जागचा हलतच नाही.

जे थोडं रसात येतं, तेही सुखानं वर पोचत नाही. रस कवचाच्या बुडाशी अडतो, थंडावतो. थंडावताना सगळ्यांत आधी खडे कुणाचे होतात? ऑलिव्हिनचेच. खडे जड, ते तळाला बसतात. मग पायरॉक्सिन बसतं. उरलेला, मॅग्नेशियम गमावलेला रस पुढं चढतो आणि आपल्या डाइकांमधून बाहेर पडतो. जमिनीवर येईपर्यंत त्याचं तापमान ११५० ते १२०० अंशांच्या घरात आलेलं असतं.

म्हणजे मॅग्नेशियमचा माल वाटेतच उतरवला गेला. तो तापीच्या खोऱ्याखाली अजून पडून आहे, असं मानायला आधार आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं मध्य प्रदेशातून सेंधव्यावरून सिंदाडपर्यंत जमिनीखाली लहरी सोडून खोलवर मोजणी केली. गुरुत्वाकर्षणाच्या मोजण्याही झाल्या. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात कवचात नेहमीपेक्षा जड खडक आहेत, असा दोन्हींचा कौल आहे. ते कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. धुळ्याकडच्या काही डाइकांत रसाबरोबर वर आलेले परके दगड सापडतात, पण ते जुन्या कवचाचे आहेत. मँटलचे हिरवे तुकडे बघायचे तर कच्छ गाठावं लागतं. भुजच्या आसपासच्या काही टेकड्यांत लाव्ह्यानं ते जसेच्या तसे वर आणलेत. इतक्या जड दगडाला बुडू न देता वर आणायचं, म्हणजे तो रस वाटेत कुठं टेकला नसणार.

मॅग्नेशियम भरपूर असलेला लाव्हा कधी वाहिलाच नाही, असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात तीनशे कोटी वर्षांहून जुना लाव्हा सापडला, १९६९ साली त्याचं वर्णन झालं आणि नदीवरून त्याला कोमाटिआइट नाव पडलं. मॅग्नेशियम ऑक्साइड १८ टक्क्यांच्या वर. असा रस पातळ राहायला १,६०० अंशांच्या आसपास उष्णता हवी. तेव्हाच्या पृथ्वीच्या पोटात ती होती, आता राहिलेली नाही. लाव्ह्यातलं मॅग्नेशियम मोजलं की त्या काळचं पृथ्वीचं तापमान कळतं ते असं. याहून भरवशाचा तापमापक भूशास्त्राकडं फारसा नाही.

दृश्य : टाइल्सच्या दुकानात उभ्या केलेल्या हिरव्या लाद्या.

मॅग्नेशियमचे खडक वर येण्याची दुसरी वाट म्हणजे मँटलचा तुकडाच्या तुकडा उचलला जाणं. दोन भूखंड भिडतात आणि मधल्या समुद्राचा तळ डोंगरावर चढतो. लडाखमध्ये तसं झालंय, नागालँडमध्येही. अशा खडकात पाणी शिरलं की ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होतं. हिरवं, तुळतुळीत, नखाखाली किंचित मेणचट लागणारं. जळगाव-धुळ्याच्या दुकानांत ग्रीन मार्बल म्हणून जी लादी मिळते, तिच्यातली बरीचशी उदयपूरजवळच्या ऋषभदेवची असते. ते मार्बल नाहीच, ते सर्पेंटाइन. देवघराला लावायला काही हरकत नाही, पण लिंबू सांडलं तर खऱ्या मार्बलसारखा बुडबुडा यायचा नाही.

पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइड शिरला तर मॅग्नेसाइट होतं, खडूसारखं पांढरं. तमिळनाडूत सेलमच्या टेकड्यांमध्ये गडद दगडातून त्याच्या पांढऱ्या शिरा गेल्या आहेत. ते भाजून पोलादाच्या भट्टीच्या विटा करतात, कारण मॅग्नेशियम ऑक्साइड २,८०० अंशांवरसुद्धा वितळत नाही.

दृश्य : ओढ्याची दरड. वर काळी माती, खाली मुरूम, तळाला दगड.

आता त्या तांबूस डागाकडं.

ऑलिव्हिन आधी गोठतं. आणि हवा-पाण्यात आलं की झिजतंही तेच आधी. फार मोठ्या उष्णतेला जन्मलेलं खनिज, त्याला आपला पावसाळा सोसत नाही. पावसाचं किंचित आंबट पाणी भेगेत शिरतं, मॅग्नेशियम विरघळून निघून जातं, लोखंड मागं गंजून बसतं. तोच तो डाग. ओढ्याच्या दरडीत गोल धोंड्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटताना दिसतात, तिथं हे काम चालू आहे. पापुद्रे सुटून मुरूम, मुरमाची माती.

काळी जमीन म्हणजे लाव्ह्याची राख, असं अजूनही भाषणांत ऐकायला मिळतं. राखेचा काही संबंध नाही. ती दगड कुजून झालेली चिकणमाती आहे. निघालेल्या मॅग्नेशियमचा काही भाग याच चिकणमातीत अडकतो. थोडा तिच्या कणांच्या घडणीतच जातो, थोडा कणांवर सैल चिकटून राहतो, तोच मुळांना मिळतो. उन्हाळ्यात जिला हातभर भेगा पडतात, तीच ही माती.

खडकातल्या पोकळ्यांचीही तऱ्हा बघण्यासारखी. सावद्याच्या खाणींतून निघालेले स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहांत गेले आहेत. लोक त्या पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांवर खूश. त्यांत मॅग्नेशियम जवळजवळ नाही. अशा पोकळ्यांच्या कडेला पुष्कळदा पातळ हिरवं अस्तर असतं, ते बघा. ते सेलाडोनाइट, त्यात मॅग्नेशियम आणि लोखंड. अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा रंग याच जातीच्या हिरव्या मातीचा.

उरलेलं मॅग्नेशियम विहिरीत. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हणून ज्या पाण्याला आपण जड म्हणतो, त्यात कॅल्शियमबरोबर हेही असतं. कॅल्शियम वाटेत चुनखडीचे खडे होऊन मातीत बसतं. मॅग्नेशियम पाण्याबरोबर पुढं जातं.

दृश्य : ऑक्टोबरमधली कपाशी. खालची पानं लाल, शिरा हिरव्या.

एवढं असून कपाशीवर लाल्या येतो. हरितद्रव्याच्या १३७ अणूंच्या रेणूत मॅग्नेशियमचा अणू एकच, पण तो बरोबर मधोमध. बोंडं भरायला लागली की झाड जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून वर पाठवतं, म्हणून खालची पानं आधी लाल होतात. लाल्याला नत्राची कमतरता, तुडतुडे, रात्रीची थंडी, वावरात साचलेलं पाणी अशी इतरही कारणं आहेत. सगळं मॅग्नेशियमवर ढकलू नये. पण चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमची गर्दी असते आणि मुळाशी मॅग्नेशियमला वाट मिळत नाही, हे खरं. रावेर-यावलच्या केळीत तीच गर्दी पालाशची होते. पोटॅश भरमसाट दिलं की मॅग्नेशियम मागं पडतं. मातीत आहे आणि झाडात नाही, असा हा प्रकार.

मग कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट येतं, पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम. पांढरे, थंड लागणारे, चवीला कडू खडे. असं मीठ मॅग्नेसाइटवर गंधकाम्ल टाकून करता येतं, मिठागरात मीठ काढून उरलेल्या कडू पाण्यातूनही निघतं. त्या समुद्रात सुरतेच्या खाली तापीनं नेलेलं आपलं मॅग्नेशियमही आहेच. पिशवीवर मॅग्नेशियम ९.६ टक्के छापलेलं असतं. बाकीचं काय, तर गंधक, ऑक्सिजन आणि स्फटिकात बांधलेलं पाणी. पाणीच निम्म्याहून जास्त भरतं, आणि त्याचेही पैसे किलोच्या भावानंच मोजले जातात.