दिसलं की करावंसं वाटतं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. जाहीर झालेला विषय असा आहे की व्यायाम, वाचन आणि हाताने काही घडवणं या तिन्हींसाठी एक सार्वजनिक जागा कशी उभारावी. 'कशी' याकडे मी येणार आहेच. पण त्याआधी बरीच वर्षं मनात घोळत असलेला एक विचार तुमच्यापुढे मांडायचा आहे. तो पटला नाही, तर पुढचं सगळं नुसतं बांधकाम ठरेल.

माझं म्हणणं असं, की माणूस सांगून फारसं काही करत नाही. दुसऱ्याला करताना पाहिलं की करतो. व्यायामाचे फायदे कोणाला माहीत नाहीत? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पुन्हा एकदा स्पष्ट केलं की पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं. इथे किती जण ते पाळतात असं मी विचारणार नाही, हात खालीच राहू द्या. मुद्दा इतकाच की माहिती भरपूर आहे आणि माहितीने पाय हलत नाहीत. शेजारचा माणूस रोज धावताना दिसला, की चौथ्या-पाचव्या दिवशी आपण बुटांचा शोध घेतो.

मग आज दिसतं काय? व्यायाम काळ्या काचांआड गेला, पैसे भरून आत जायचं. हातकाम शिकायचं तर क्लास, त्यालाही दार आणि फी. वाचनाचं तर आणखी अवघड झालं. पूर्वी बाबा पुस्तक घेऊन बसले की मुलाला पुस्तक दिसायचं, त्याची जाडी दिसायची, बाबा कुठवर आले तेही दिसायचं. आता बाबा फोनमध्ये कादंबरी वाचत असोत की क्रिकेट बघत असोत, मुलाला दिसतो तो फोन. बाबा वाचत असले तरी वाचन दिसेनासं झालं. आणि नंतर आपणच म्हणतो, मुलं वाचत नाहीत.

आता मी तुम्हाला लंडनला नेणार आहे, आणि तिथे जरा रेंगाळणार आहे, कारण हा किस्सा सांगण्यासाठीच मी इथवर आलो असं म्हटलं तरी चालेल.

दक्षिण लंडनमधलं पेकहॅम. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पिअर्स हे दोन डॉक्टर. दोघांना पडलेला प्रश्न डॉक्टरांना सहसा पडत नाही. आजार कसा होतो हे आपण शिकलो, पण निरोगीपण कसं असतं, ते कशावर वाढतं, हे कोणी पाहिलंय का? १९२६ मध्ये त्यांनी एका घरात छोटी सुरुवात केली. तीन वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या तपासणीने काही साधत नाही. माणसाला दोष सापडला, त्याने तो दुरुस्त करून घेतला, आणि तो पुन्हा त्याच एकट्या, हालचाल नसलेल्या आयुष्यात परत गेला, तर दोष फिरून येतोच. मग त्यांनी पैसे उभे केले आणि १९३५ मध्ये ओवेन विल्यम्स या अभियंत्याकडून एक इमारत बांधून घेतली. पायोनिअर हेल्थ सेंटर हे तिचं नाव.

ही इमारत नीट डोळ्यासमोर आणा. मधोमध पोहण्याचा तलाव. एका बाजूला व्यायामशाळा, दुसऱ्या बाजूला नाटकाचं सभागृह. वरच्या मजल्यावर चहा-खाण्याची मोठी खोली. आतल्या भिंती जमेल तिथे काचेच्या. वर चहा पीत बसलेल्या बाईला खाली तलावात पोहणारी तिच्याच वयाची, तिच्याच अंगलटीची शेजारीण दिसणार. पट्टीची पोहणारी दिसली असती तर ती म्हणाली असती, 'छान आहे बाई,' आणि दुसरा चहा मागवला असता. पण दिसली ती धडपडत पोहणारी शेजारीण. तिला पाहिल्यावर 'हे मलाही जमेल' हा विचार आपोआप येतो. या डॉक्टरांची सगळी मदार त्या काचेवर होती.

सभासदत्व एकट्याला मिळत नसे, संपूर्ण कुटुंबाला मिळे, आणि तेही चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्यांना. वर्गणी कुटुंबामागे आठवड्याला एक शिलिंग. अट एकच, ठरावीक काळाने घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची. तपासणीत जे निघेल ते कुटुंबाला समोर बसवून सांगत. पुढे काय करायचं ते कुटुंबाने ठरवायचं. औषधोपचार तिथे होत नसत.

आणि आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग. विल्यमसनचा आग्रह होता की इथे कोणी कोणाला कामाला लावायचं नाही. वेळापत्रक नाही, स्पर्धा लादायच्या नाहीत, 'चला सगळे रांगेत' म्हणणारा शिक्षक नाही. याचा परिणाम काय झाला असेल? पहिले काही महिने मुलांनी उच्छाद मांडला. जिन्यांवरून धावणं, आरडाओरडा, सामानाची मोडतोड. सहकारी हैराण झाले. कडक शिस्तीचा माणूस नेमा, असा दबाव आला. विल्यमसन बधले नाहीत. ल्यूसी क्रॉकर नावाची त्यांची एक सहकारी मुलांना नुसती पाहत राहिली, आणि तिला उमगलं की मुलं धुडगूस घालतात कारण त्यांना करायला हवं ते हाताशी नाही. तलाव, व्यायामशाळा दिसतात, पण मुलांना हवं तेव्हा वापरता येत नाहीत. मग त्यांनी साधी पद्धत बसवली. मुलाला जे करायचं असेल, पोहणं, स्केटिंग, काहीही, त्याने मोठ्या माणसाची सही असलेली चिठ्ठी घ्यायची आणि साहित्य मिळवायचं. म्हणजे मूल स्वतः ठरवणार, आणि ठरवलेलं एका मोठ्या माणसाला जाऊन सांगणार. धुमाकूळ ओसरला. चिठ्ठ्यांमुळे कोणतं मूल काय करतंय याची नोंदही आपसूक होत गेली. त्या मुलांना शिस्त कोणी लावली? कोणी नाही. हाताला काम मिळालं.

युद्धात केंद्र बंद पडलं, १९४६ मध्ये सभासदांच्या रेट्याने पुन्हा उघडलं, आणि १९५० मध्ये कायमचं बंद झालं. का, ते ऐका. १९४८ मध्ये तिथे सरकारी आरोग्यसेवा आली. मोठं काम होतं ते, मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण त्या चौकटीत पेकहॅम बसेना. हे आजार बरे करत नाहीत, वर्गणी घेतात, फक्त आसपासच्या लोकांना प्रवेश देतात आणि कारभार स्वतःच चालवतात. कोणत्या खात्यात घालायचं यांना? माझी खरी तक्रार इथे आहे आणि ती आजही तशीच आहे. व्यायाम क्रीडा खात्याचा, पुस्तकं ग्रंथालय विभागाची, चित्रकला-सुतारकाम शिक्षणाचं. तीन खाती, तीन इमारती, तीन कुलपं. माणूस मात्र एकच, आणि संध्याकाळही त्याला एकच मिळते.

कुलपांचं निघालंच आहे तर सांगतो. मी एका वाचनालयात गेलो होतो, नाव घेणार नाही. उत्तम पुस्तकं, काचेची कपाटं, कपाटांना कुलपं. किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ जेवायला गेलेले. शेजारच्या खोलीत देणगीतून आलेली व्यायामाची यंत्रं प्लास्टिकच्या आवरणासकट उभी, वर फलक, 'हात लावू नये'. दात्याचं नाव मात्र संगमरवरात. मला मनापासून राग आला, आणि तो अजून आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम, ग्रंथ वापरासाठी असतात. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून लिहावी लागली, कारण त्याआधी शतकानुशतकं पुस्तक जपणं हेच ग्रंथालयाचं काम समजलं जाई. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत तर पुस्तकं साखळीने बांधलेली असत. साखळी गेली, वृत्ती राहिली. पुस्तक वापरून फाटलं तर तो जमाखर्चात तोटा नाही, ते काम करून निवृत्त झालंय. दहा वर्षं कोरं राहिलेलं पुस्तक हा खरा तोटा.

'आमच्याकडे एवढी इमारत कुठली?' असं कोणी विचारण्याआधी दोन उदाहरणं घाईने देतो. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन हा ग्रंथपाल बोलावला आणि मोफत ग्रंथालयांचं जाळं विणलं. जिथे ग्रंथालय पोचू शकत नव्हतं, तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. दुसरं कोसबाडचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात. त्यांनी मुलांना बोल लावला नाही, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत. भिंतच नाही, त्यामुळे काचेचाही प्रश्न नाही!

आणि इमारत असेल तर ती कशी असावी, हे ब्राझीलमधल्या साओ पाउलोला जाऊन पाहा. पिंपं बनवण्याचा बंद पडलेला कारखाना पाडून तिथे केंद्र बांधायचं होतं. लीना बो बार्दी ही वास्तुरचनाकार जागा बघायला गेली, तर सुट्टीच्या दिवशी कुटुंबं त्या पडक्या शेडमध्ये येऊन बसलेली, मुलं खेळताहेत. तिने कारखाना पाडलाच नाही. १९८२ मध्ये सेस्क पॉम्पेया सुरू झालं. वाचायच्या जागा मोकळ्या दालनातच, मातीकाम, सुतारकाम, विणकाम यांच्या कार्यशाळांना अर्ध्याच उंचीच्या भिंती, म्हणजे जाता जाता कोणीही डोकावणार. पुढे खेळाची उंच इमारत शेजारी उभी राहिली. वाचणाऱ्याला चाकावरची माती दिसते आणि खेळून आलेला घामेजलेला मुलगा पुस्तकांमधून वाट काढत घरी जातो.

शांततेचं काय, हा प्रश्न मला दरवेळी येतो, आणि तो रास्त आहे. एक दार लागणारी शांत खोली हवीच. हेलसिंकीच्या ओओदी ग्रंथालयात, २०१८ मध्ये उघडलेल्या, मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं आणि त्रिमितीय मुद्रक आहेत, आणि पुस्तकं सगळ्यात वर. मधे एक पूर्ण मजला आवाजाला दिलेला. फिनलंडमधल्या कितीतरी ग्रंथालयांत पुस्तकासारखेच रॅकेट आणि बर्फावरचे स्केटही घरी नेता येतात, त्याच कार्डावर. याने मला फार आनंद होतो.

आयोजकांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं आहेत म्हणे, आणि जाहीर झालेला विषय आत्ता कुठे सुरू होतोय. तेव्हा भराभर.

वेळ आधी ठरवा, इमारत नंतर. अकरा ते पाच उघडी असलेली जागा फक्त तिथल्या कर्मचाऱ्यांना उपयोगी पडते. नोकरदार, विद्यार्थी, घर सांभाळणारी बाई, सगळ्यांना मोकळीक मिळते ती पहाटे किंवा संध्याकाळी. जागाच नसेल तर रस्ता घ्या. कोलंबियातल्या बोगोतामध्ये १९७४ मध्ये ही प्रथा सुरू झाली; आता तिथे रविवारी आणि सुट्टीला शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते काही तास गाड्यांना बंद आणि माणसांना खुले असतात. एक रस्ता, दोन तास, कडेला पुस्तकांची पेटी आणि रंगांचे डबे. एवढ्याने सुरुवात होते.

सामान कसं घ्यायचं? पक्क्या घसरगुंडीपेक्षा सुटं सामान जास्त घ्या. सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये हे फार नेमकं मांडलं. जागेत बदलता येणाऱ्या सुट्या गोष्टी जितक्या जास्त, तितकी शोधक वृत्ती जास्त. कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला १९४३ मध्येच भंगार सामानाचं मैदान निघालं होतं. फळ्या, विटा, दोऱ्या, हातोडे. मुलांनी घरं बांधली, पाडली, पुन्हा बांधली. लक्ष ठेवायला एक समंजस मोठा माणूस होता, सूचना द्यायला नव्हे.

मुलींचं मला घाईत सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण सोडणार नाही. व्हिएन्नात १९९०च्या दशकात पाहणी झाली तेव्हा दिसलं की नवव्या वर्षानंतर बागांमधल्या मुली झपाट्याने कमी होतात. मैदान एकच मोठं असेल तर ते मुलगे व्यापतात. तिथे मैदानाचे भाग पाडले, वाटा आणि वेगवेगळे खेळ आणले, आणि मुली परतल्या. तेव्हा एकच भव्य मैदान मागू नका. तीन लहान मागा, दिवे मागा, आणि स्वच्छ स्वच्छतागृह मागा, कारण ते नसेल तर बायका पाऊण तासात घरी जातात आणि आपण म्हणतो त्यांना आवड नाही.

शेवटचा मुद्दा पैशाचा. उद्घाटनाला पैसे मिळतात, पुढच्या वर्षीच्या झाडूला मिळत नाहीत. पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींनी जगभर अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयांना पैसे दिले, पण गावापुढे अट घातली. जागा तुमची, आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी तुम्ही चालवण्यासाठी द्यायची. हे लेखी दिल्याशिवाय पैसा नाही. कोणी दाता तुमच्याकडे आला तर त्याला संगमरवरी पाटी खुशाल द्या, पण पाटीआधी दहा वर्षांच्या पगाराची तजवीज विचारा. एक पूर्णवेळ माणूस, ज्याला लोकांची नावं माहीत आहेत आणि ज्याच्याकडे एकही कुलूप नाही, त्याचा पगार. पुस्तकं, चेंडू, रंग त्यानंतर जमतात.

वेळ संपली, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत एक ताई बराच वेळ हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.